तीन विरुद्ध तीन

मंगळवार, १६ जानेवारी २०२४
पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं. दुकानाच्या मागच्या खोलीत, हीटरसमोर हातमोजे वाळत घालत होतो.

आई,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच: कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. एमेट बरा आहे, शॉना बरी आहे. तुझा पत्ता मिसेस ह्रिचाक यांच्याकडून घेतला. त्यांनी तो कागदाच्या पिशवीवर लिहून दिला, म्हणून मी रिमुस्कीचा पिनकोड पोस्टात जाऊन तपासला.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी फ्रेंच पालक समितीची वार्षिक सभा होती आणि मी अध्यक्ष झालो. हे वाक्य आधी दोनदा कच्च्या कागदावर लिहून पाहिलं. तरी खोटं वाटतं.

घडलं असं. एमेट आता फ्रेंच माध्यमाच्या वर्गात दुसरीला आहे. शॉनाची को-ऑप दुकानाच्या बेकरीत पाळी होती म्हणून सभेला मी गेलो. ग्रंथालयाच्या तळघरात अकरा खुर्च्या मांडलेल्या, माणसं सात. 'नवीन अध्यक्ष' हा विषय आला तसे सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बाहेर उणे चौतीस होतं आणि मी ट्रकचं इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर विजेला जोडायला विसरलो होतो. इंजिन गोठेल या भीतीने उठलो, बाहेर गेलो, वायर जोडली. आठ मिनिटांनी परत आलो तर टाळ्या.

"अभिनंदन, अध्यक्ष महोदय," मिसेस ह्रिचाक म्हणाल्या. "बिनविरोध."

मी म्हणालो, "मला फ्रेंच येत नाही."

"इथल्या निम्म्या आईबापांना कुठे येतं? मी वीस वर्षांवर खजिनदार आहे आणि मला अजून नमस्काराच्या पुढे काही बोलता येत नाही. म्हणून तर पोरांना घातलं."

मारिविक दुमालागान नावाची एक बाई आहे, वृद्धाश्रमात काम करते, फिलिपिन्सहून आलेली. ती हात पुढे करून म्हणाली, "ट्रकची किल्ली इकडे दे. मागचा अध्यक्ष असाच वायर बघायला गेला, तो थेट कॅल्गरीला."

सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर घाबरलोय ते दिसलं असतं. मग मिसेस ह्रिचाक म्हणाल्या, "मॉरीनचा मुलगा आहे. समिती मॉरीनने उभी केली. रक्तातच आहे याच्या."

समिती उभी करणाऱ्या बाईने स्वतःच्या मुलाला तिसरीनंतर त्याच वर्गातून काढलं, हे त्या विसरल्या असतील, किंवा विसरल्यासारखं करत असतील. दोन्हीची मला सारखीच भीती वाटते.

शाळा मंडळाचं पत्र आलं आहे. पंधरा मार्चपर्यंत पहिलीच्या फ्रेंच वर्गासाठी अठरा मुलांची नावं आली नाहीत तर सप्टेंबरात नवा वर्ग उघडणार नाही. म्हणजे खालून मुलं येणं बंद, आणि सहा-सात वर्षांत सगळंच संपलं. आजपर्यंत नावं नऊ आहेत. दहावी अर्धी सोडलेल्या माणसाने आता मंडळाशी बोलायचं आहे. काल दुकानात फोन वाजला तर माझ्या हातातून पाना पडला. कुणीतरी हिवाळी टायरचा भाव विचारत होतं.

बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी मी चर्चच्या दारात सगळ्यांसमोर जे बोललो, त्याबद्दल हे पत्र नाही. ते मी परत घेतो असंही नाही. मला फक्त एवढं विचारायचं आहे की मंडळासमोर पाच मिनिटं उभं राहताना तू हात कुठे ठेवायचीस.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

कर्टिस

*

रविवार, २८ जानेवारी २०२४
दुपारचा सव्वा वाजलाय. स्वयंपाकघरातलं टेबल. शॉना एमेटला घेऊन बर्फावर गेली आहे, मी डब्यांतले कागद लावत होतो.

आई,

समितीचं सगळं दप्तर प्लॅस्टिकच्या तीन मोठ्या डब्यांत असतं, हे तुला माहीतच आहे, तूच सुरू केलंस. अध्यक्ष बदलला की डबे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात जातात. आता ते माझ्याकडे आहेत. मागच्या अध्यक्षांनी कागद कोंबले होते, तर मी ते वर्षवार लावले. ते काम बरं वाटलं. कागदांना प्रश्न नसतात.

मग सभासदत्वाचे फॉर्म निघाले. तुझे सगळे आहेत, निळ्या शाईत. खाली एक चौकट असते: 'फ्रेंच वर्गातील आपल्या मुलांची नावे व इयत्ता'. २००० साली तू लिहिलं आहेस, 'कर्टिस, पहिली'. पुढच्या वर्षी 'कर्टिस, दुसरी'. मग 'कर्टिस, तिसरी'. आणि २००३ च्या सप्टेंबरातल्या फॉर्मवर चौकटीत एक आडवी रेघ आहे. पट्टीने मारलेली. पुढे तू पाच वर्षं अध्यक्ष होतीस, आई, आणि पाचही फॉर्मवर ती रेघ आहे.

तू मला बसचं कारण सांगितलं होतंस. फ्रेंच शाळेची बस चाळीस मिनिटं घेते, मुलगा दमतो. मी ते बरीच वर्षं खरं धरून चाललो. मग कधीतरी कळलं की शेजारची तीन पोरं त्याच बसने जात राहिली आणि कुणी दमलं नाही. तेव्हापासून मला वाटत आलं की मी मठ्ठ होतो आणि तुला लोकांत लाज वाटत होती. प्रत्येक शब्द शब्दकोशात बघून लिहायची सवय मला तेव्हाची आहे. पुन्हा कुणी कुठून काढू नये म्हणून.

आता जे शॉनालाही तीन दिवस सांगितलं नव्हतं ते लिहितो. गुरुवारी शाळेतून बोलावणं आलं. एमेट वाचनात फार मागे आहे. अक्षरं त्याला दिसतात पण जुळत नाहीत. मुख्याध्यापक फार गोड बोलले. पुढच्या वर्षी इंग्रजी वर्गात घाला, मुलाच्याच भल्यासाठी, सगळ्यांना फ्रेंच झेपतंच असं नाही. मी 'धन्यवाद' म्हणालो. कशाबद्दल, कोण जाणे.

त्याच्या बाई, मादाम त्राओरे, माली देशातून आलेल्या आहेत. त्या व्हरांड्यात माझ्यामागे आल्या. म्हणाल्या, "कर्टिस, इंग्रजीत घातलं म्हणून त्याची अक्षरं जुळणार आहेत का? तिथेही तीच अक्षरं आहेत. त्याला हळूहळू, शेजारी बसून शिकवणारं कुणीतरी हवं. असे माझ्याकडे पाच आहेत. मी एकटी आहे आणि पोरं चोवीस."

घरी आलो तर एमेट विचारतो, "बाबा, बाई माझ्यावर रागावल्या का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग तू असा का दिसतोस?"

मी कसा दिसत होतो ते मला माहीत आहे. तसा चेहरा मी आधी पाहिलेला आहे, खालून वर बघताना. तुझा.

कर्टिस

*

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४
सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. अंगणातला बर्फ ओढून आत आलो, बोटं अजून नीट वळत नाहीत. अक्षर वाईट आलं तर त्यामुळे.

आई,

मला सापडलं.

मार्च २००३ च्या सभेचं इतिवृत्त, तुझ्याच अक्षरात. ठराव: वाचनात मागे पडलेल्या मुलांना फ्रेंच वर्गातच मदत देणारी शिक्षिका मंडळाकडे मागावी. बाजूने तीन, विरुद्ध तीन. पुढची ओळ: 'समसमान मते पडल्याने अध्यक्षांचे निर्णायक मत: विरुद्ध. ठराव नामंजूर.' त्याखाली: 'कॉफी व खजुराच्या वड्या: ग्लेंडा ह्रिचाक.'

अध्यक्षाला एरवी मत नसतं, फक्त बरोबरी झाली तर असतं. हा नियम मला मागच्या महिन्यात कळला. म्हणजे त्या वर्षभरात तुझं एकच मत पडलं, आणि ते असं पडलं.

मी तो कागद घेऊन मिसेस ह्रिचाक यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, वाचला, परत दिला, आणि आधी मला सूप वाढलं.

"त्या साली वर्ग पंधरा पोरांवर लटकत होता," त्या म्हणाल्या. "मंडळात दोन माणसं टपून बसलेली, की फ्रेंच म्हणजे खर्च. त्यात आम्ही आणखी एक शिक्षिका मागितली असती तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं. वर्ग बंद."

"म्हणून आईने विरुद्ध मत दिलं?"

"तेवढ्यासाठी नाही." त्या सुपात पाव बुडवत राहिल्या. "ती मदत सगळ्यात आधी तुलाच मिळायची होती, बाळा. हे गावाला माहीत होतं. तिने हो म्हटलं असतं तर म्हणाले असते, मॉरीनने पोरासाठी समिती चालवली. तिला हात स्वच्छ ठेवायचे होते."

"आणि तुम्ही कुणीकडे होता?"

"मी विरुद्धच होते. आणि येत्या सभेतही विरुद्धच असणार आहे. तू काय विचारायला आलास ते मला कळतं, कर्टिस, मी म्हातारी झालेय, बहिरी नाही."

येत्या सभेचं असं आहे. समितीकडे शिल्लक २,८६० डॉलर आहे. ती सगळी रक्कम नोंदणीच्या प्रचाराला ठेवली होती: रेडिओवर जाहिरात, घरोघरी पत्रकं, शाळेत एक मेजवानी. मारिविकने ठराव दिला आहे की ते पैसे त्या पाच मुलांच्या वाचनावर खर्च करावेत. एक निवृत्त शिक्षिका आठवड्याला चार तास यायला तयार आहे. पाचांतली एक मारिविकची मुलगी, एक आमचा एमेट. सभा २१ तारखेला. मी सगळ्यांना फोन करून अंदाज घेतला. तीन विरुद्ध तीन.

मला रात्री झोप लागत नाही हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. हो म्हणालो तर प्रचार नाही. नावं आता बारा आहेत, अठरा होणार नाहीत, आणि तू उभं केलेलं मी बुडवलं असं होईल. शिवाय लोक म्हणतील, पोरासाठी केलं. नाही म्हणालो तर एमेटच्या चौकटीत रेघ.

मग मी एक तोड काढली. एका कागदावर निवेदन लिहून काढलं: 'मी ठरावाच्या बाजूने मत देतो. परंतु माझा मुलगा या मदतीचा लाभ घेणार नाही.' म्हणजे चार मुलांना मदत, आणि माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. मला ते चांगलं जमलं असं वाटलं. शॉनाला वाचून दाखवलं.

ती बेकरीचा ॲप्रन काढत होती. ती म्हणाली, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"तू चार वर्षं आईशी बोलला नाहीस," ती म्हणाली. "बोलायला हवं होतंस. तुम्हा दोघांचं छान जमलं असतं."

आणि ती एमेटच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. तिथून तिचा आवाज येत होता, ती त्याला काहीतरी वाचून दाखवत होती. तिला फ्रेंच येत नाही. ती नुसते उच्चार करत होती आणि तो तिच्या चुका काढत होता.

ती घाबरली की दार लावून घेते आणि मी घाबरलो की कागद लिहितो. तू पट्टी घेऊन रेघ मारायचीस, एवढं आता कळलं.

तुला एक विचारू? रेघ मारताना हात थरथरला होता का? पट्टीमुळे कळत नाही.

कर्टिस

*

गुरुवार, २२ फेब्रुवारी २०२४
पहाटेचे सहा वाजून पाच मिनिटं. दुकानात. अजून शटर उघडलेलं नाही, पहिलं गिऱ्हाईक सात वाजता.

आई,

काल सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो, इतिवृत्तात हे सगळं येणार नाही.

मारिविकने ठराव मांडला. ती म्हणाली, "आपण नवीन अठरा पोरं शोधतोय आणि आत आलेली पाच दारातून बाहेर ढकलतोय. आमच्या वृद्धाश्रमात असं केलं तर मला कामावरून काढतील."

मिसेस ह्रिचाक म्हणाल्या, "वर्गच राहिला नाही तर त्या पाचांना कुठे बसवणार, मारिविक? तुझ्या गाडीत?"

"माझ्या गाडीचा हीटर चालू आहे, मिसेस ह्रिचाक. या खोलीचा बंद आहे."

मग हात वर झाले. तीन. मग दुसरे तीन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि या वेळी ट्रकची वायर मी आधीच जोडून आलो होतो.

मिसेस ह्रिचाक म्हणाल्या, "अध्यक्षांनी मत देण्याआधी त्यांचा यात काही संबंध असेल तर सांगावं. नियम आहे." त्या वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत. नियम आहेच. आणि संबंध असलेल्याने मत न देता बाहेर जावं, हाही आहे. मी बाहेर गेलो असतो तर तीन विरुद्ध तीन, ठराव पडला असता आणि माझे हात कुणाहीपेक्षा स्वच्छ राहिले असते. खिशात निवेदन होतंच. दोन्ही वाटा तयार होत्या.

मी उभा राहिलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून खुर्चीची पाठ धरली. निवेदन काढलं. पहिलं वाक्य वाचलं, 'मी ठरावाच्या बाजूने मत देतो.' दुसऱ्या वाक्यावर थांबलो, कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. नक्की किती वेळ माहीत नाही. मारिविक नंतर म्हणाली, कॉफीच्या भांड्याने दोनदा शिट्टी मारली.

मग मी बोललो ते असं. म्हणालो, "या पाचांत माझा मुलगा आहे. एकवीस वर्षांपूर्वी याच समितीत हाच ठराव आला होता. तेव्हा तो मुलगा मी होतो. मी आता टायर बदलतो. टायर बदलण्यात काही वाईट नाही, पण दहावीत मी शाळा सोडली ती मला टायर आवडायचे म्हणून नाही. माझं मत बाजूने आहे. एमेट यादीत राहील. नियम मोडला असेल तर तसं लिहून घ्या." आणि डब्यांच्या कुलपांच्या किल्ल्या टेबलावर ठेवून राजीनामा दिला.

मग पलीकडच्या टोकाहून एकजण म्हणाला, "राजीनामा घेतला तर पुढचा अध्यक्ष कोण?"

सगळे पुन्हा बुटांकडे बघायला लागले.

शेवटी मिसेस ह्रिचाक यांनी किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या. "बस खाली," त्या म्हणाल्या. "लिहून घेते: अध्यक्षांनी संबंध जाहीर केला, सभेने हरकत घेतली नाही. कुणाची हरकत आहे का? नाही. वड्या खा." मला वाटलं त्या रागावल्या आहेत. पण निघताना मी त्यांचा कोट धरला तेव्हा हात आत घालताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्या दिवशी तुझी आई इथल्याच बाथरूममध्ये अर्धा तास होती. आम्ही वड्या खात बसलो. मी दार वाजवायला हवं होतं."

आई, हे त्यांनी मला एकवीस वर्षांनी सांगितलं. तू कधीच नाही.

घरी आल्यावर शॉनाने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय." मग थोड्या वेळाने येऊन माझ्या शेजारी बसली.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. नावं तेरा आहेत, प्रचाराला पुरेसे पैसे नाहीत आणि तीन आठवडे आहेत.

कर्टिस

*

शनिवार, १६ मार्च २०२४
दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं. पोस्टातून आलो, ट्रकमध्येच बसून लिहितोय.

आई,

काल चार वाजता नोंदणी बंद झाली. सतरा.

जाहिरातीला पुरतील एवढे पैसे नव्हते म्हणून पायांनी केलं. मारिविक वृद्धाश्रमात काम करणाऱ्या प्रत्येकीच्या दारात गेली. तिथे दोन युक्रेनी बाया कामाला नवीन आल्या आहेत, त्यातली एक म्हणाली, पोराला इंग्रजीही अजून शिकायची आहे आणि फ्रेंचही, चुका दोन्हीत एकदमच करू दे. तिने नाव दिलं. मी कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या मैदानाबाहेरच्या पाटीवर नोंदणीची अक्षरं लावली, उणे एकोणतीसमध्ये, शिडीवर. सतराव्या नावानंतर फोन वाजलाच नाही. मी चार वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत होतो. आता मला त्याच्या वाजण्याची नव्हे, न वाजण्याची भीती वाटते, एवढी प्रगती आहे.

रेडिओवर जाहिरात केली असती तर अठरावं आलं असतं का? आलंही असतं. हे मला कायम वाटत राहणार. तुलाही काहीतरी असंच वाटत राहिलं असेल, दुसऱ्या बाजूने.

मंगळवारी, २६ तारखेला, मंडळ निर्णय घेईल. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. एका नावाची सवलत मागणार आहे, आणि त्या पाच मुलांचंही सांगणार आहे, लपवणार नाही. मिसेस ह्रिचाक शेजारी बसणार आहेत. म्हणाल्या, "पाच मिनिटं झाली की मी कोट ओढीन. फार घाबरलास तर आधीच ओढीन."

एमेटने परवा एक पान वाचलं. सगळं नाही, एक पान. मध्ये तीनदा थांबला. मी शेजारी बसलो होतो, मला त्यातलं काही कळलं नाही, तरी कुठे थांबला ते कळलं.

आज पोस्टात तुझं पाकीट मिळालं. मी ते लगेच उघडलं नाही. आधी सामान ट्रकमध्ये ठेवलं, इंजिन चालू केलं, मग चष्मा पुसला. आत पत्र नव्हतं. समितीच्या सभासदत्वाचा फॉर्म होता, भरलेला, निळ्या शाईत, आणि पंचवीस डॉलरचा चेक. नाव, रिमुस्कीचा पत्ता, पिनकोड. आणि खालच्या चौकटीत, 'फ्रेंच वर्गातील आपल्या मुलांची नावे व इयत्ता', तिथे तू लिहिलं आहेस:

'कर्टिस, तिसरी.'

अक्षर थोडं हललेलं आहे. पट्टी लावलेली नाही.

फॉर्म मी २००३ च्या पाकिटात ठेवणार होतो. मग यंदाच्या पाकिटात ठेवायचं ठरवलं, कारण तारीख यंदाची आहे. २६ च्या मंगळवारी संध्याकाळी तू घरी असशील तर मी साडेआठला फोन करीन. तुझ्याकडे तेव्हा साडेनऊ वाजलेले असतील.

तू खजिनदारांचा हिशेब नेहमी आधी वाचायचीस म्हणून तोही देतो.

सुरुवातीची शिल्लक: २,८६०.००
वाचनाच्या शिक्षिका, तीन आठवडे, बारा तास, तासाला ३५ प्रमाणे: ४२०.००
खोलीचं भाडं: ४०.००
पत्रकांच्या छायाप्रती: ३१.५०
कॉफी व खजुराच्या वड्या: १८.७५
एकूण खर्च: ५१०.२५
सभासद वर्गणी जमा, एक, रिमुस्की: २५.००
आजची शिल्लक: २,३७४.७५
अजून देणं, शिक्षिकेचे उरलेले तेरा आठवडे: १,८२०.००
टपाल तिकिटं, पाच, माझ्या खिशातून, समितीकडे मागणार नाही: ५.३५
तुझ्याकडून येणं: काही नाही. दोनदा तपासलं.

कर्टिस